सभासद शिक्षण : नवी मुंबईतील घराची दुरुस्ती – पैसा, ठेकेदार आणि कागद



या सदरात आपण एरवी लागण, खोडवा, ठिबक, माती परीक्षण असे विषय घेतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मुले, जावई नवी मुंबईत आहेत. 1969 चा माथाडी कायदा आला आणि 1980 नंतर मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याकडे हलले. त्या काळात घाटावरची कितीतरी माणसे वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, नेरूळ भागात घरे करून राहिली. ती घरे आता जुनी झाली. कुणाच्या छताचे पोपडे पडतात, कुणाच्या संडास-बाथरूमचे पाणी खालच्या घरात उतरते. मग गावाकडे फोन येतो, "आबा, उसाच्या बिलातले काही जमेल का?" पैसा आपल्या घामाचा जातो, म्हणून विषय आपलाच आहे.

1. घर का खचते?

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली. तिने पहिल्या दोन दशकांत बांधलेल्या पुष्कळ इमारती आज चाळिशीच्या आसपास किंवा त्याही पुढे आहेत. तिथे खाडीची खारी, दमट हवा आणि कोकणचा पाऊस. भेगेतून पाणी आत शिरले की सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून देते. आपण ज्याला पोपडा म्हणतो तो बऱ्याच वेळा रंगाचा किंवा प्लॅस्टरचा रोग नसतो, आतल्या सळईचा असतो. वरून प्लॅस्टर मारून रंग देणे म्हणजे मूळकुज लागलेल्या उसावर पानांची फवारणी करण्यासारखे आहे.

याहून मोठा धोका चुकीच्या दुरुस्तीचा. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू होते. स्लॅब कोसळला, तो खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन तळाला आला आणि 6 माणसे गेली. हिशेब करून पाहा. जुनी फरशी न काढता 100 चौरस फुटांच्या खोलीत मसाला आणि फरशी मिळून 2 इंचांचा थर वाढवला, तर स्लॅबवर सुमारे 1 टन बोजा चढतो. त्यात वाळू-सिमेंटची पोती आणि राडारोडा त्याच खोलीत रचला तर काय होईल?

सबब, पहिला खर्च ठेकेदारावर नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरवर करावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढील इमारतीची दर 3 वर्षांनी संरचना तपासणी व्हावयास हवी. तो अहवाल सोसायटीकडे मागून घ्यावा. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा असेल तर सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय छिन्नी उचलू देऊ नये.

2. खर्च कोणाचा?

घराच्या आतली फरशी, नळ, रंग हा घरमालकाचा खर्च. बाहेरच्या भिंती, गच्ची, कॉलम हे संस्थेचे काम. त्यासाठी उपविधीत दुरुस्ती निधी (बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के) आणि सिंकिंग फंड (किमान 0.25 टक्के) सांगितलेला आहे. आपण कारखान्याच्या वार्षिक सभेला जातो, ताळेबंद वाचतो, प्रश्न विचारतो. मग मुलगा आपल्या सोसायटीच्या सभेला जातो का, हे एकदा विचारा. गच्चीची गळती स्वतःच्या खिशातून थांबवणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. निधी मात्र संस्थेत पडून होता.

3. पैसा कोठून उभा करावा?

समजा, 3 लाख रुपये 5 वर्षांसाठी हवे आहेत.

घरदुरुस्तीचे कर्ज 9 टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे 6,230 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 74 हजार.

वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 6,980 आणि व्याज सुमारे 1 लाख 19 हजार.

तिसरा कोणी म्हणेल, "फक्त 10 टक्के, पण फ्लॅट." येथे सावध व्हा. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या 3 लाखांवरच. हप्ता 7,500 आणि व्याज दीड लाख. घटत्या शिलकेवर हा दर 17 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तोंडी 10 टक्के हे 14 टक्क्यांपेक्षा महाग पडले.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. तेव्हा उसाचे बिल आले की त्यातले काही मुद्दलात भरता येते.

एक पथ्य पाळा. पीककर्ज घरदुरुस्तीला वापरू नका. हप्ता थकला की व्याजाची सवलत जाते, पुढच्या लागणीला पैसा राहत नाही, आणि छत तिकडे दुरुस्त होऊन रान इकडे पडीक पडते.

4. ठेकेदार कसा नेमावा?

आपल्या एका सभासदाच्या मुलाने 4 लाखांचे काम ठरवले. ठेकेदार ओळखीतला, बोलणे गोड. "माल एकदम घेतला तर स्वस्त पडेल" म्हणून त्याने अडीच लाख आगाऊ नेले. छताचे प्लॅस्टर उतरवले, सळ्या उघड्या केल्या आणि माणसे दुसऱ्या कामावर नेली. पावसाळा तोंडावर, फोन बंद, हातात चिठ्ठीसुद्धा नाही. सभासदाने आम्हाला सांगितले, "तोडणीच्या मुकादमाला उचल देताना मी करारपत्र करतो, जामीन घेतो. येथे मात्र पोराने डोळे झाकून पैसे दिले."

मुकादमाच्या बाबतीत जो कानाला खडा आपण लावला, तोच येथे लावावा. तीन ठेकेदारांकडून लेखी दर घ्यावेत, पण तिघांनाही कामाची यादी एकच द्यावी, नाहीतर तुलना होत नाही. दर मजुरीचा की मालासह, सिमेंट आणि जलरोधक माल कोणत्या कंपनीचा, राडारोडा कोण उचलणार, काम किती दिवसांत, हे सर्व कागदावर हवे. त्याचे एक वर्ष जुने काम पावसाळ्यात जाऊन पाहावे.

पैसे कामाच्या मागून द्यावेत. 4 लाखांच्या कामाला असे टप्पे ठेवता येतील :

- सुरुवातीला 10 टक्के – 40 हजार
- खराब काँक्रीट काढून गंज साफ झाल्यावर 25 टक्के – 1 लाख
- सळ्या आणि प्लॅस्टर झाल्यावर 30 टक्के – 1 लाख 20 हजार
- बाथरूममध्ये किमान 48 तास पाणी भरून चाचणी, मग फरशी व रंग झाल्यावर 25 टक्के – 1 लाख
- एक पावसाळा कोरडा गेल्यावर उरलेले 10 टक्के – 40 हजार

शेवटचे 40 हजार फार महत्त्वाचे. त्यांच्यासाठीच ठेकेदार गळती पाहायला परत येतो. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत, रोख दिल्यास पावती घ्यावी.

5. शेवटी

घर पाहावे बांधून, असे आपले जुने लोक म्हणत. आज घर पाहावे दुरुस्त करून, असे म्हणण्याची पाळी आहे. फोन आला की लगेच पैसे पाठवू नका, आणि नाहीही म्हणू नका. आधी चार गोष्टी विचारा : इंजिनिअरचा अहवाल आहे का? सोसायटीची परवानगी आहे का? करार लेखी आहे का? शेवटचे 10 टक्के कोणाच्या हातात आहेत? चारही उत्तरे मिळाली की खुशाल हात सैल करा. हा अंक वाचून झाला की नवी मुंबईच्या पत्त्यावर पाठवून द्या.