अण्णांच्या पेटीतल्या नोटा

वंदना, नोटा सापडल्या म्हणून इस्त्री तापवू नकोस. साबणाचं पाणी नको, फाटक्या कडेला सेलोटेप नको, आणि लॅमिनेशनचं तर नावच काढू नकोस. मळकी नोट जाणकार घेतो, धुऊन मऊ पडलेली मात्र बाजूला सारतो. टाचणीच्या भोकांना बिचकू नकोस. बँका गड्ड्याच टाचून ठेवायच्या.

एकाच बाजूला छापलेली, मधोमध कापून पुन्हा चिकटवलेली नोट निघाली, तर ती अगदी जपून ठेव. पूर्वी टपालात चोरी होईल या भीतीनं लोक आधी अर्धी नोट पाठवत आणि तिची पोच आली की उरलेली अर्धी. तो जोड सोडवायला जाऊ नकोस.

जुनी तितकी महाग, हा आपल्या घरातला लाडका समज. कोणती नोट किती उरली आणि कशा अवस्थेत उरली, यावर भाव ठरतो. घडी न पडलेली कोरी नोट आणि चार घड्यांची तीच नोट यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. शिवाय २००५ पूर्वीच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचं वर्षच नाही. तेव्हा आधी सही वाच. १९३८ साली बँकेची पहिली नोट निघाली, पाच रुपयांची, तिच्यावर गव्हर्नर जेम्स टेलरची सही. नंतरची सही आपल्या चिंतामणराव देशमुखांची. अभिमान वाटतो खरा, पण त्यांच्या सहीची दहाची नोट बाजारात बऱ्यापैकी मिळते, म्हणून हुरळू नकोस. एक रुपयावर गव्हर्नरची सही नसते, अर्थसचिवाची असते. ती छपाईतली चूक समजून कुणी दुप्पट भाव सांगेल, तर हसून सोडून दे. १९१८ ची अडीच रुपयांची नोट निघाली तर मात्र थेट माझ्याकडे ये.

तुझ्या सासरची माणसं मराठवाड्यातली. त्यांच्याकडे निजामाच्या हाली नोटा असतील, विचारून बघ. गोव्याच्या मावशीकडे पोर्तुगीज रुपियाच्या असू शकतात.

भाव मागायचा नसतो, झालेला बघायचा असतो. लिलावात नोट खरोखर किती रुपयांना गेली ते पाहा. विकणाऱ्यानं लिहिलेली किंमत म्हणजे नुसती इच्छा. ७८६ क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये देतो म्हणून फोन आला आणि आधी कमिशन भरायला सांगितलं, तर फोन ठेव. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे उकळतात, बँकेनं २०२१ मध्येच तशी ताकीद दिली होती.

आणि २०१६ ला बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त ठेवू नकोस, कायद्यानं दंड आहे. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. १९७८ ला बाद झालेली, मागे तंजावरचं देऊळ असलेली हजाराची निघालीच, तर मला दाखवल्याशिवाय विकू नकोस.