आधी वेळ, मग अंतर, वेग शेवटी

पळायला लागलेला माणूस महिन्याभरात हा प्रश्न विचारतोच: आता अंतर वाढवू की वेग? पाचाचे दहा किलोमीटर करू, की तेच पाच अर्ध्या तासात आणू? माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले तीन महिने दोन्ही नकोत. घड्याळात फक्त मिनिटं बघा. त्यानंतर अंतर, आणि वेग सगळ्यात शेवटी. हा क्रम मला नडगीने शिकवला.

पुण्यात मी एका गटाबरोबर पळायला लागलो. महिना व्हायच्या आत तिथल्या मार्गदर्शकांनी आम्हा नवख्यांनाही ग्राउंडवर चारशे मीटरच्या फेऱ्या मारायला लावल्या. जीव खाऊन एक फेरी, थोडा दम खायचा, की पुन्हा फेरी. दर आठवड्याला वेळ सुधारत होती, त्यामुळे तक्रार कोण करणार? नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागला, तेव्हा 'बर्फ लावा, बूट बदला' एवढाच सल्ला मिळाला. पुढे जिना उतरतानाही कळ यायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा नडगीवरून दाबत दाबत खाली नेला आणि एका जागी मी टेबलावरून उडालोच. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. एमआरआयमध्ये मात्र ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर दिसली. पळणं बंद झालं ते काही महिने.

असं का होतं, ते समजून घ्या. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो आणि वेग वाढला की तोही वाढतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, दम कमी लागतो. हाडाचं तसं नसतं. ताण पडलेल्या जागी शरीर आधी जुनं हाड काढून टाकतं आणि मग नवं भरतं. ते भरून टणक व्हायला महिने जातात. म्हणजे दम सुधारला म्हणून जोर करावासा वाटतो, नेमकं तेव्हाच हाड कच्चं असतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही गत तिथेच होते.

वेगासाठी आधी संथ पळावं, हे ऐकायला उलटं वाटतं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ते करून दाखवलं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल 800 मीटरचा धावपटू. तरी रविवारी डोंगराळ रस्त्यावर सुमारे 35 किलोमीटर पळायचा. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं. वेगाचा सराव होताच, पण पाया भरून झाल्यावर.

आपल्याला 35 किलोमीटरची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, अर्धा तास काढा. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवा. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा, लाज वाटू देऊ नका. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारखी मातीची वाट मिळाली तर उत्तम. सलग अर्धा तास असं जमलं, की आठवड्यातली एकच धाव थोडी थोडी लांबवा, बाकीच्या आहे तशा ठेवा.

दहा किलोमीटर आरामात व्हायला लागले, की वेगाकडे वळा. सुरुवातीला संथ धावेच्या शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार झपाट्याच्या धावा पुरेत, मध्ये चालत श्वास पूर्ण खाली येऊ द्यायचा. ग्राउंडवरच्या फेऱ्या त्यानंतर.

नडगी लांबवर ओढल्यासारखी दुखत असेल, तर विश्रांती घ्या आणि पळणं कमी करा. दुखणं बोट ठेवून दाखवता येईल इतकं एका जागी असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे चांगला आला तरी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा बूट चढवू नका. सुरुवातीची चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही.