जुन्या बाजारातलं घंगाळ

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी घंगाळ स्वस्तात मिळालं. काळवंडलंय, बुडाला पोचे आलेत. दिवाणखान्यात ठेवता येईल का?

उत्तर : जरूर ठेवा! पोचे राहू द्या. ठोकताना जुनं पितळ तडकू शकतं. चिंचेचा कोळ आणि मीठ चोळा, नारळाच्या शेंडीनं घासा, धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर डाग पडतात. कड्यांच्या खाचांतला काळेपणा मात्र काढू नका, घडण त्यानंच उठून दिसते. मनीप्लांट लावणार असाल तर माती थेट भरू नका. ओलीनं पितळ हिरवं पडतं. आत विटेच्या तुकड्यावर प्लास्टिकची कुंडी ठेवा. चमक टिकावी म्हणून लॅकरचा थर देणं मात्र टाळाच. तो खरवडला की खालून डाग पसरतात आणि तिथं चिंचेचं काही चालत नाही.