गीत कुणाचे? थेरगाथेपासून वामनदादांपर्यंत



चौदा एप्रिल जवळ आला की कुवेतमधल्या आपल्या घरांत भीमगीतांची तालीम सुरू होते. साल्मिया असो की मंगफ, शुक्रवारी मुले जमतात, मोबाईलवर गाणे लावतात आणि दोन-चार वेळा ऐकून पाठ करतात. या वेळी त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. हे गाणे लिहिले कुणी? काही मुले गायकाचे नाव सांगतील, काही चॅनेलचे. पुष्कळदा ते गाणे वामनदादा कर्डकांचे असते.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी. पोटासाठी मुंबईला आले, मिळेल ते काम केले, आणि अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ पासून गीते लिहू लागले ते २००४ मध्ये निधन होईपर्यंत. 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह निघाले, पण हजारो गीते पसरली ती मुख्यतः तोंडातोंडी, गावोगावच्या गायन पार्ट्यांमधून. त्यांच्याआधी भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वस्त्यांपर्यंत नेला होता. (आडनाव एक, माणसे दोन. मुलांना सांगताना गल्लत करू नका.)

वामनदादांच्या अनेक गीतांत शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' ही नाममुद्रा येते. शाहिरांची आणि संतांची ही जुनी रीत. पण मोबाईलवर फिरतो तो तीस सेकंदांचा तुकडा. त्यात ध्रुवपद असते, फार तर पहिला अंतरा. शेवटचा अंतरा गळतो आणि नाव त्याच्याबरोबर जाते.

ही अडचण नवी नाही. आपल्या धम्मपरंपरेने ती फार पूर्वी ओळखली होती.

थेरगाथा आणि थेरीगाथा हे त्रिपिटकातले दोन ग्रंथ म्हणजे भिक्खू आणि भिक्खुणींनी रचलेल्या गाथा. त्या कित्येक पिढ्या केवळ पाठांतराने टिकल्या. परंपरेनुसार त्रिपिटक लिहिले गेले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत. तोपर्यंत सगळा भार पाठ करणाऱ्या भाणकांवर होता. छंदाचा त्यांना उपयोग झाला, कारण एक शब्द चुकला की चाल अडखळते आणि ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. माझ्या क्षेत्रात माहिती बिघडली का हे तपासायला अशाच युक्त्या वापरतात. पण छंद शब्द सांभाळतो, नाव सांभाळत नाही. म्हणून संकलकांनी वर्गांच्या शेवटी 'उद्दान' जोडले. त्या वर्गात कोणाकोणाच्या गाथा आल्या, त्यांची नावे गुंफलेला तो श्लोक. नावांची यादीसुद्धा त्यांनी पद्यात केली, म्हणजे तीही पाठ व्हावी. मला हे फार हुशारीचे काम वाटते.

त्यामुळे काय वाचले ते पाहा. थेरगाथेत सुनीत आहे. हलक्या समजल्या गेलेल्या कुळातला, सुकलेली फुले झाडून गोळा करणारा, लोकांकडून तुच्छ लेखला गेलेला. मगधाच्या नगरात येणाऱ्या तथागतांना पाहून त्याने खांद्यावरची कावड टाकली आणि प्रव्रज्या मागितली. हे तो स्वतः सांगतो. थेरीगाथेत पुण्णिका आहे. मालकिणीच्या भीतीने थंडीतही नदीवर पाणी भरायला जाणारी दासी. ती स्नानाने पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला विचारते, असे असेल तर बेडूक, कासव, पाण्यातले सगळेच जीव स्वर्गात जातील ना?

गाथा राहून ही नावे गेली असती तर? माझ्या मते कधीतरी त्या एखाद्या राजपुत्राच्या नावावर लागल्या असत्या. नाव आणि त्यासोबत कामधंदा टिकला, म्हणूनच बाबासाहेबांना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीताची दीक्षा त्याच्या नावानिशी सांगता आली.

त्याच ग्रंथात आणखी एक कवी आहे, अश्वघोष. 'बुद्धचरित' या त्याच्या महाकाव्याचे ऋण बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. काही प्रसंगांत त्याची भाषाच उचलली, असे ते सांगतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या कवीची ही पोच. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी भिक्खू इत्सिंगने लिहून ठेवले आहे की हे काव्य भारतात सर्वत्र आणि दक्षिण समुद्रापलीकडच्या देशांतही गायले जाई. तरीही त्याच्या अठ्ठावीस सर्गांपैकी मूळ संस्कृतात जेमतेम निम्मा भाग उरला. बाकीची कथा आपल्याला माहीत आहे ती चिनी आणि तिबेटी भाषांतरांमुळे. मायदेशी जे हरवले ते परदेशातल्या उपासकांनी राखले.

आपणही आज परदेशातच आहोत. आपली मुले शाळेत हिंदी आणि अरबी शिकतात, मराठी घरात ऐकतात, आणि अनेकांना देवनागरीत लिहिलेले मराठी गाणे वाचायला अडचण येते. त्यांच्यासाठी गीत म्हणजे फक्त आवाज. 'भीमजयंतीला मुले गातात ना, तेवढे पुरे' असे म्हणणारे आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाने हे लिहिले, हे कळले की त्याच ओळी मुलाला वेगळ्या ऐकू येतात.

यंदाच्या तालमीत मुलांकडून प्रत्येक गीत वहीत देवनागरीत उतरवून घ्या, वर कवीचे नाव आणि गाव. शेवटचा अंतरा गाळू नका, वेळ कमी असेल तर मधला गाळा. मंचावर गाण्याआधी गायकाइतकेच स्पष्टपणे कवीचे नाव घ्या. नाव माहीत नसेल तर 'पारंपरिक' लिहून मोकळे होऊ नका. ती जागा कोरी ठेवा आणि गावी फोन लावा. आजीला, मामांना, गायन पार्टीत ढोलकी वाजवलेल्या एखाद्या काकांना विचारा. नाव मिळाले की ते त्या कोऱ्या जागेत मुलालाच स्वतःच्या हाताने लिहू द्या.