मॅलोनेटचा प्रश्न

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, पुण्याच्या एएफएमसीची वाट ‘नीट’मधूनच जाते. भिलईत सराव करताना जीवरसायनशास्त्रातला एक प्रश्न मला सतत चकवायचा: मॅलोनेटमुळे सक्सिनेट डिहायड्रोजिनेज मंदावते, सक्सिनेट वाढवले तर? ‘फरक नाही’ म्हणून मी गुण घालवायचो.

शेवटी पाठांतर सोडून चित्र काढले. मॅलोनेट दिसायला सक्सिनेटसारखे, म्हणून एन्झाइमची तीच जागा अडवते. पण त्याच्यावर क्रिया होत नाही. सक्सिनेट भरपूर झाले की जागा परत मिळते. निम्म्या वेगासाठी सक्सिनेट जास्त लागते, म्हणजे केएम वाढतो. कमाल वेग तोच राहतो.

बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणून पर्याय निवडण्याआधी कारण वहीत लिहा.

आता सांगा: अडवणारा रेणू दुसऱ्याच जागी बसला, तर सक्सिनेट वाढवून भागेल का?