आपले युवक मंडळ आणि आपली घरे



जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांपैकी पाचव्या रहस्यात आपण बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, या घटनेवर मनन करतो. संत लूकने ही घटना सांगितली आहे (लूक २:४१-५२). वल्हांडणाचा सण आटोपून योसेफ आणि मरिया परतीच्या वाटेला लागतात. मुलगा सोबतच्या माणसांत असेल असे धरून ते दिवसभराची वाट चालतात, आणि मग नातेवाइकांत व ओळखीच्यांत शोधतात तर तो नाही. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. या उताऱ्यावर बोलताना बहुधा आपण येशूने आईला दिलेल्या उत्तरापाशी थांबतो. आम्ही आज तुमचे लक्ष दोन लहानशा गोष्टींकडे वेधू इच्छितो. पहिली, आईवडिलांचे ते ‘सोबतच्यांत असेल’ असे धरून चालणे. दुसरी, सापडल्यावर येशू मंदिरात राहिला नाही. तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. त्यानंतरच्या जवळजवळ अठरा वर्षांविषयी शुभवर्तमानात काहीच लिहिलेले नाही. ती वर्षे घरात, कामात, सभास्थानात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत गेली. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रभूच्या तरुणपणाचे सारे युवककार्य घरातच झाले.

आपल्याकडे काय होते? मुलगा किंवा मुलगी युवक मंडळात जायला लागली की घरचे म्हणतात, चर्चमध्ये आहे, फादर-सिस्टर बघतील. धर्मग्राम म्हणतो, आठवड्यातून दीड तास आपल्याकडे आहे, बाकी आईवडील बघतील. दोघेही निर्धास्तपणे दिवसाची वाट चालतात.

मुंबई-वसईच्या मोठ्या धर्मग्रामांत हे काही काळ खपून जाते. तिथे शेजारी कॅथलिक, शाळा कॅथलिक, मित्र कॅथलिक. मूल घरातून निसटले तरी कुठल्यातरी काकूच्या नजरेला पडतेच. आपले तसे नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा आठ तालुक्यांचा, आणि त्यात आपण ख्रिस्ती लोक मूठभर. एका ख्रिस्ती घरापासून दुसरे कधी दोन गल्ल्यांवर, कधी थेट दुसऱ्या तालुक्यात. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत किंवा दवाखान्यात, कोणी राईस मिलवर, कोणी धानाच्या बांधीत. घरात कुठे मराठी, कुठे हिंदी, कुठे छत्तीसगढी, कुठे मल्याळम. आपल्या मुलांना वर्गात आणि कॉलेजात बहुतेक वेळा एकट्यानेच ख्रिस्ती असावे लागते. एकटे असणे वाईट नव्हे. पण एकट्याला पाठीशी काहीतरी लागते, आणि ते रविवारच्या दीड तासात तयार होत नाही.

दुसरी अडचण अधिक नेमकी आहे. बारावी झाली की आपली मुले नागपूरला, रायपूरला, पुण्याला जातात. कोणी आयटीआयला, कोणी नर्सिंगला, कोणी सरळ नोकरीला. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आपले युवक मंडळ रिकामे होते आणि नव्याने भरते. गिटार वाजवणारा गेला की गाणी थांबतात. पुढाकार घेणारी मुलगी गेली की सभाच होत नाही. मंडळाला स्मरणशक्ती नाही. स्मरणशक्ती असते ती घराला. कोण कधी प्रथम ख्रिस्तप्रसादाला बसले, कोण कशाने रुसले, कोणाच्या आजारपणात सर्वांनी मिळून जपमाळ केली, हे आईला पाठ असते. मंडळाचे काम टिकायचे असेल तर ते घरातच साठवावे लागेल, कारण मंडळ ते साठवून ठेवू शकत नाही. आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते मुख्यत्वे एवढेच. पुढचे सारे त्याचाच विस्तार आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात परिषदेने आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे सांगितले, आणि घरात जे राहून गेले ते बाहेर भरून काढणे कठीण असते असेही बजावले. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ७७४ वा नियम शब्दाने आणि उदाहरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याचे कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांवर टाकतो. युवकांविषयीचे बिशपांचे अधिवेशन ऑक्टोबर २०१८ मध्ये झाले. त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ‘क्रिस्तुस विवित’ हे पत्र दिले. युवकांना सोबत करण्याची पहिली जागा कुटुंब असावी, असे त्यात सांगितले आहे. पहिली हा शब्द नीट वाचावा. धर्मग्राम कुटुंबाची जागा घेत नाही.

इथे काही पालक मनात म्हणतील, ‘फादर, आमचे कोण ऐकते?’ प्रश्न खरा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हाताला धरून मिस्साला नेता येत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचा विचार एका वेगळ्याच संदर्भात केला होता. ख्रिस्ती नसलेल्या आईवडिलांच्या लेकराला त्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार द्यावा का, असा तो प्रश्न होता. थॉमस नाही म्हणतात, आणि त्याचे कारण फार सुंदर देतात. मूल जन्मापूर्वी आईच्या उदरात असते. जन्मल्यानंतर, त्याला स्वतःची बुद्धी वापरता येईपर्यंत, ते आईवडिलांच्या मायेत जणू एका आत्मिक उदरात असते. तिथून त्याला कोणी ओढून काढू नये. पण बुद्धी जागी झाली की ते स्वतःचे होते. मग त्याला श्रद्धेकडे न्यायचे ते समजावून, सक्तीने नव्हे. सेमिनरीत हा भाग वाचताना तो केवळ एक वादाचा मुद्दा वाटतो. धर्मग्रामात आल्यावर कळते की आपले सगळे युवक याच उंबरठ्यावर उभे आहेत. ते उदरातून बाहेर आलेले आहेत, घरातून मात्र नाहीत. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पालकांना जबाबदारी सोडता येत नाही, आणि पालकांना सक्तीही करता येत नाही. मग उरते काय? सोबत बसणे, विचारणे, ऐकणे, आणि स्वतः गुडघे टेकणे. मुलगा वडिलांचे ऐकत नसेल, पण वडील रात्रपाळीहून आल्यावर दोन मिनिटे क्रूसासमोर उभे राहतात की नाही, हे तो बघत असतो. संत पौल तीमथ्याच्या श्रद्धेविषयी लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांची नावे घेतो (२ तीमथ्य १:५). वडिलांचे नाव तिथे नाही. प्रेषितांच्या कृत्यांतून (१६:१) कळते की ते ग्रीक होते. आपल्या बापमंडळींनी हा उतारा एकदा शांतपणे वाचावा.

ज्या घरात आई किंवा वडील ख्रिस्ती नाहीत, किंवा दोघांचीही चर्चची सवय सुटली आहे, त्या घरातल्या मुलांचे काय? आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत आणि त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. नारायण वामन टिळकांचे नाव सर्वांना माहीत आहे. ते आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या परंपरेतले, पण मराठी ख्रिस्ती माणूस म्हणून आपलेही. त्यांना नवा करार पहिल्यांदा मिळाला तो राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका परदेशी सहप्रवाशाकडून. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही आणि टिळकांनी ते सोडायला लावले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःच्या मनाने झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. आपल्या युवकांनी ते पुस्तक जरूर वाचावे. श्रद्धा एकट्याला मिळाली तरी ती घराशी भांडून वाढवायची नसते, धीराने वाट पाहायची असते, हे त्या घराकडे पाहून समजते.

याच्या उलट उदाहरण ताजे आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस याला संत म्हणून घोषित केले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा मुलगा संगणकात रमणारा होता. त्याचे आईवडील नियमाने चर्चला जाणारे नव्हते. लहानग्या कार्लोच्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात म्हणून आईने श्रद्धेचा अभ्यास सुरू केला, असे ती स्वतः सांगते. घरात कामाला असलेला मॉरिशसचा हिंदू तरुणही त्याच्याशी बोलता बोलता ख्रिस्ती झाला. म्हणजे ओढ नेहमी वरून खालीच असते असे नाही. मुलाने प्रश्न विचारला तर ‘फादरना विचार’ म्हणून मोकळे होऊ नये. ‘मलाही माहीत नाही, चल दोघे मिळून विचारू’ असे म्हणावे. एवढ्याने पुष्कळ होते.

आता थोडे अप्रिय. काही पालक आमच्याकडे येऊन हळूच म्हणतात, ‘फादर, तुमचे ऐकते ती, जरा विचारा ना कोणाशी बोलत असते फोनवर.’ काळजी आम्ही समजतो. पण युवक मंडळ ही पालकांची चौकी नाही. पापनिवेदनात सांगितलेले कोणालाही, कधीही कळणार नाही. त्याबाहेर विश्वासाने सांगितलेलेही आम्ही घरी पोहोचवणार नाही. अपवाद एकच, मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर. तेव्हा आम्ही गप्प बसणार नाही आणि हे मुलांनाही आधीच सांगून ठेवू. उलट बाजूने, पालकांना सर्व काही कळण्याचा हक्क आहे अशाही गोष्टी आहेत. सभा कुठे आहे, किती वाजता संपते, सोबत मोठी माणसे कोण, शिबिराला कोणत्या गाडीने जाणार आणि मुक्काम कुठे. अठरा वर्षांखालील मुलांचा एकही कार्यक्रम दोन प्रौढ व्यक्ती हजर असल्याशिवाय होणार नाही. आणि ‘दहावीचे वर्ष आहे, नीटचे वर्ष आहे, यंदा मंडळ बंद’ असे म्हणणाऱ्यांना एकच विनंती. त्याच वर्षी मुलावर सर्वांत जास्त ताण असतो. त्याच वर्षी त्याची प्रार्थना आणि मित्र काढून घेऊ नका. सभेची वेळ कमी करू, पण येऊ द्या.

धर्मग्राम समितीत बोलून आम्ही काही बदल ठरवले आहेत. महिन्याच्या चार सभांपैकी एक यापुढे चर्चच्या सभागृहात न होता कोणाच्यातरी घरी होईल. त्या दिवशी घरची मंडळी पाहुणचारात अडकून न राहता सभेत बसतील. चहा पुरे, नाश्त्याची चढाओढ नको. शुभवर्तमानाचा उतारा युवकांपैकी कोणी वाचेल आणि घरातले सर्वांत वडीलधारे माणूस आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगेल. आजी छत्तीसगढीत बोलली तर छत्तीसगढीत. उरलेल्या तीन सभा मुलांच्या स्वतःच्या. तिथे पालकांनी डोकावू नये. रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत सभा संध्याकाळी उशिरा ठेवू, म्हणजे शेतावरून येणाऱ्यांना सवड मिळेल. ज्यांची रेल्वेत पाळी असते त्यांनी आपल्या सुट्टीचा वार आधी कळवावा. त्यांच्या घरची सभा त्या वारी घेऊ.

बाहेरगावी गेलेल्यांसाठी दिवाळीनंतरचा आठवडा आम्ही मोकळा ठेवत आहोत. मंडईला आणि नाटकाला ती सारी घरी येतातच. त्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांनी आईवडिलांना घेऊन यावे आणि नवीन शहरात चर्च सापडले का, कोणी ओळखीचे झाले का, एवढे सांगावे. जी मुले यंदा बारावीनंतर जाणार आहेत त्यांच्या पालकांनी वसतिगृहाची खोली बघायला जाल तेव्हा त्याच फेरीत जवळचे चर्चही बघून यावे आणि तिथल्या फादरांना मुलासह भेटावे. त्यासाठी ओळखपत्र आम्ही लिहून देऊ. मिस्सानंतर कार्यालयात मागावे. मुलाचे नाव, कॉलेज आणि पोहोचण्याची तारीख सांगितली की पुरे.

घरची पहिली सभा कोणाकडे ठेवायची हे अजून ठरलेले नाही. ज्यांना आपल्याकडे हवी आहे त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत सांगावे. घर लहान आहे म्हणून कोणी मागे राहू नये. पंधरा माणसे अंगणात सतरंजीवरही बसतात.