रस्त्याकडेचे घर : धूर आणि हॉर्नपासून आरोग्य कसे जपाल?

मे महिन्याची सुट्टी आणि गणपतीच्या दिवसांत हेदवीच्या रस्त्याला उसंत नसते. दशभुजा गणेश मंदिर आणि बामणघळ पाहायला येणारे पर्यटक, तवसाळला फेरीबोट गाठणारे प्रवासी, मुंबईहून येणारे चाकरमानी, सगळ्यांच्या गाड्या इथूनच जातात. ज्यांची घरे रस्त्याला लागून आहेत, त्यांच्या पडवीत धूर, धूळ आणि हॉर्न थेट शिरतात. "रहदारी वाढली, आता सोसायचेच," असे आयाबाया म्हणतात. आम्ही आरोग्य कार्यकर्त्या सांगतो, हे नशीब नव्हे. हा त्रास कमी करता येतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडकत नाहीत. ते फुफ्फुसात खोल जातात, त्यांतले काही रक्तातही मिसळतात. दमा, खोकला आणि हृदयविकार यांमुळे बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. लहान मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणून त्यांना धोका जास्त.

कान झोपेतही जागे असतात. हॉर्न वाजला की नाडी वाढते, झोप मोडते. रोज असे झाले तर रक्तदाब वाढण्याचा धोका असतो.

कायदा काय म्हणतो?

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा 1000 आणि पुन्हा केल्यास 2000 रुपये दंडाची तरतूद आहे. वेगवेगळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला बंदी आहे.

आपण काय करायचे?

1. बाळाचा पाळणा आणि आजारी माणसाची खाट रस्त्यापासून लांबच्या खोलीत ठेवा. गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागची उघडा.

2. धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

3. रस्त्याच्या बाजूला दाट पानांच्या झाडांचे कुंपण करा. धूळ बरीच अडते.

4. आठवडाभर वहीत नोंद करा : किती वाजता किती गाड्या, किती हॉर्न. ही वही घेऊन महिलांनी ग्रामसभेत जावे. गतिरोधक, "हॉर्न वाजवू नका" असा फलक आणि वाहनतळाची जागा यांसाठी ठराव मागावा. ठरावाची प्रत सार्वजनिक बांधकाम विभाग व पोलीस ठाण्याला द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच घेतलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येतो.

5. आपल्या घरची रिक्षा, दुचाकी आधी सुधारा. पीयूसी वेळेवर करा, सायलेन्सर बदलून आवाज वाढवू नका, थांबल्यावर इंजिन बंद करा. आपल्या मिरवणुकीतही आवाजाची मर्यादा पाळा. जो नियम आपण पाळतो, तोच दुसऱ्याकडून हक्काने मागता येतो.

दोन आठवडे खोकला टिकला किंवा घरघर, धाप असेल तर घरगुती काढ्यावर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करा. घर रस्त्यालगत आहे, हे डॉक्टरांना जरूर सांगा.